पळस, पऱ्हाटी आणि एक गिटार

घाटंजीहून पांढरकवड्याकडे निघालं की फाल्गुनात दोन झाडं सतत सोबत असतात. बांधावर पळस पेटलेला असतो आणि वावरात वेचणी संपलेली पऱ्हाटी उपटायची वाट बघत काळी पडून उभी असते. पळसाला पानं तीनच, तो कुठेही सारखाच, म्हणून त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. पऱ्हाटीकडे बघतात ते फक्त भावाच्या हिशेबाने.

जगातल्या नावाजलेल्या जुन्या गिटारींपैकी फार मोठ्या संख्येच्या अंगावरची चमक या दोन जातींच्या झाडांशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश गिटारींवर लाख आहे, म्हणजे पळसासारख्या झाडांवर बसणाऱ्या किड्याने तयार केलेली राळ. १९२० च्या दशकानंतरच्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे, म्हणजे आम्लात भिजवून मग द्रावणात विरघळवलेला कापूस. यूट्यूबवर 'विंटेज नायट्रो फिनिश'चे व्हिडिओ बघताना त्या डब्यात कापूस आहे हे कोणी सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला तरी ते कोणीतरी सांगायला हवं होतं.

मला ते कळलं पॉलिश पेपर घासता घासता. पाडलेल्या एका जुन्या घराच्या सागवानी दारातून मी इलेक्ट्रिक गिटारचं धड कापून घेतलं होतं. मान तयार विकत आणली, बाकी सगळं आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांच्या शेडमध्ये. साग घासणं हे कष्टाचं काम आहे. या लाकडात वाळूतलीच सिलिका असते, त्यामुळे रंध्याची धार बसते आणि पेपर लवकर मरतो. आधी ८० नंबरने रंध्याचे ओरखडे काढायचे, मग १२०, १८०, २२०, शेवटी ३२०. दर वेळी लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवा हात मारला तर तो ओरखडा तेव्हा दिसत नाही, पॉलिश चढल्यावर दिसतो, आणि मग कायमचा. २२० नंतर ओल्या फडक्याने लाकूड पुसायचं. दबलेले तंतू पाणी पिऊन उभे राहतात, वाळल्यावर त्यांना पुन्हा घासायचं. ही पायरी टाळली तर लॅकरचा पहिला हातच ते तंतू उभे करतो.

मी यवतमाळहून एनसी लॅकरचा डबा आणून ठेवला होता. काकांनी तो बाजूला सरकवला.

"सागात तेल रायते बाबू. याच्यावर लॅकर डायरेक्ट धरत नाई. पयले चपडा मार."

चपडा म्हणजे लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे तुकडे. हार्डवेअरच्या दुकानात अजून मिळतात, कागदाच्या पुडीत. काकांनी ते स्पिरीटमध्ये रात्रभर भिजत घातले, तळाला बसलेला मेणाचा गढूळ थर सोडून वरचं निथळ तेवढं घेतलं. त्या मेणावर पुढचा थर नीट बसत नाही. तेलकट लाकडावर आणि पुढच्या लॅकरवर, दोन्हीकडे चिकटणारी लाखेसारखी दुसरी गोष्ट नाही. जगभरचे गिटार बनवणारे हेच करतात आणि त्याला मोठमोठी नावं देतात. काकांनी ते त्यांच्या वडिलांकडून घेतलं होतं, पलंगांसाठी.

म्हणजे माझ्या गिटारीवर खाली लाख आणि वर कापूस असणार होता. त्या दोन थरांचा इतिहास मी त्यानंतर शोधत बसलो.

लाखेची गोष्ट फार जुनी. महाभारतातलं लाक्षागृह सगळ्यांना माहीत आहे, पण त्या गोष्टीत रसायनशास्त्राची एक साधी जाण दडलेली आहे: लाख भिंतीला लावता येते, ती देखणी दिसते आणि ती पेटते. पायाला लावायचा आळता मुळात याच लाखेचा रंग. संस्कृत 'लाक्षा'पासून फारसी-अरबी 'लाक', त्यावरून पोर्तुगीज 'लाका', आणि त्यातूनच इंग्रजीतलं 'लॅकर'. गंमत अशी की चिनी आणि जपानी लॅकरचा लाखेशी काहीही संबंध नाही, तो एका वेगळ्याच झाडाचा चीक. युरोपियनांनी चमकणाऱ्या सगळ्याच गोष्टींना आपल्या लाखेचं नाव चिकटवून टाकलं.

हे नाव तिकडे पोचवण्यात गोव्याचा मोठा वाटा आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतीय औषधींवर लिहिलेला संवादरूपी ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात लाखेवर एक आख्खं प्रकरण आहे. वीस वर्षांनी गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकुनी करणारा डच तरुण लिन्स्कोटेन याने लाकडाच्या सामानावर लाख कशी चढवतात ते पाहून लिहून ठेवलं. खराद्यावर लाकूड फिरत असतं, त्यावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडात बसते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरचं लाखकाम माहीत असणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. लिन्स्कोटेनचं पुस्तक १५९६ मध्ये ॲमस्टरडॅमला निघालं, आणि मसाल्यांच्या वाटांइतकीच लाखेची माहितीही युरोपच्या हाती लागली.

तरी लाख नेमकी कोण करतं हे बराच काळ तिकडे धड कळलेलं नव्हतं. १७८१ मध्ये जेम्स कर याने रॉयल सोसायटीला लाखेच्या किड्याचं वर्णन पाठवलं. आज त्या किड्याचं शास्त्रीय नाव केरिया लॅका आहे, त्यातलं 'केरिया' या करसाहेबावरून. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत हाच किडा पिढ्यान्‌पिढ्या पाळणाऱ्या कोणाचं नाव अर्थातच त्यात नाही.

किडा म्हणजे काय, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं लाल पिल्लू. ते कोवळ्या डहाळीवर जाऊन सोंड खुपसतं. मादी एकदा बसली की मरेपर्यंत जागा सोडत नाही. झाडाचा रस पीत ती अंगातून राळ सोडते, शेजारच्या हजारो माद्याही तेच करतात, आणि सगळ्यांची मिळून डहाळीभोवती एक खडबडीत साल तयार होते. ती खरवडली की कांडी लाख. दळून, धुऊन काढली की दाणे. ते दाणे कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीसमोर पिळले की वितळलेली लाख कापडातून बाहेर येते. मग ती गरम असतानाच ताणून कागदासारखी पातळ करायची. हे ताणण्याचं काम माणसं हातापायांनी आणि दातांनीसुद्धा करत. थंड झाल्यावर तोडली की चपडा.

सुरुवातीला युरोपला यातली राळ नकोच होती. त्यांना हवा होता तो धुतलेल्या पाण्यातला लाल रंग. राळ हे दुय्यम उत्पादन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डांबरापासून कृत्रिम रंग निघाले, लाखेच्या रंगाचा बाजार बसला आणि उलटंच झालं: रंग गटारात जाऊ लागला आणि राळेला भाव आला. तोवर युरोपातल्या फर्निचरवाल्यांनी 'फ्रेंच पॉलिश' नावाची रीत बसवली होती. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळायचा, त्यात स्पिरीटमध्ये विरघळलेली लाख मुरवायची, वर तेलाचा एक थेंब, आणि गोल गोल हात फिरवत राहायचं. एका बैठकीत काही दिसत नाही. दहा दिवसांनी आरसा दिसतो.

आधुनिक स्पॅनिश गिटारचा साचा ज्याने घडवला तो अँटोनियो द तोर्रेस (१८१७–१८९२) आपल्या गिटारींवर हीच लाख चढवत असे. कारण सोपं आहे. गिटारीची वरची फळी अडीच-तीन मिलिमीटरची, तिने थरथरायला हवं. जाड थर तिला दाबून टाकतो. लाखेचा थर केसापेक्षा पातळ बसतो. शिवाय ओरखडा पडला तर पुन्हा स्पिरीट-लाखेचा बोळा फिरवायचा, नवा थर जुन्याला थोडा विरघळवतो आणि दोन्ही एक होतात. आजही बहुतेक उत्तम क्लासिकल गिटारी अशाच पॉलिश होतात. अंडालुसियातली कार्यशाळा आणि भारतातला किडा यांच्यामध्ये फक्त एक कलकत्त्याचं बंदर होतं.

आपल्याकडे हेच काम मिरजेला चालू होतं. तिथले शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, शस्त्रं दुरुस्त करणारे. पेशवाई गेली, लढाया थांबल्या, पोटाचा प्रश्न आला. १८५० च्या सुमाराला त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले, आणि पटवर्धनांच्या त्या संस्थानात सतार-तंबोऱ्यांचा धंदा उभा राहिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि वरून लाखेचं पॉलिश. पोलाद घासणाऱ्या हातांना लाकूड घासणं अवघड गेलं नसावं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

याच मिरजेत अब्दुल करीम खाँ राहिले. गाण्याइतकंच त्यांना वाद्यांच्या दुरुस्तीचं वेड होतं, तंबोरा स्वतः उघडून जुळवणारा हा गवई. आता असं बघा: खाँसाहेबांच्या मागे जो तंबोरा झंकारत होता त्याच्या अंगावर लाख, आणि त्यांचा आवाज ज्या तबकडीवर साठवला गेला तीही लाखेची. ७८ फेऱ्यांची तबकडी म्हणजे दगडाची पूड, काजळी आणि थोडं कापसाचं तंतू, हे सगळं लाखेने बांधलेलं मिश्रण. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. म्हणजे लाख भारतातून जर्मनीला, आणि गाणं होऊन परत. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला कारखाना निघाला तेव्हा कुठे हा फेरा वाचला.

त्या काळात जगाची बहुतेक लाख भारतातूनच जायची. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुमला लाखेसाठी संशोधन संस्था निघाली ती उगाच नाही. १९४२ मध्ये जपान आग्नेय आशियात घुसला, समुद्री वाटा धोक्यात आल्या, आणि अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर ७० टक्के कपात लादली. लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून, दळून, पुन्हा नव्या छापल्या जात. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने व्हायनलची एलपी आणली आणि लाखेचा तो बाजार काही वर्षांत संपला. संशोधन संस्था मात्र आहे, नाव बदलत बदलत.

आता कापूस.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं, १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. पुढे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' निघाली तीही कापसासाठीच, एका इंग्रज कंपनीच्या पैशाने. हा इतिहास आमच्याकडे शाळेत शिकवतात. पण त्यात कापूस म्हणजे कापड, एवढंच असतं. कापूस म्हणजे दारूगोळा, हा दुसरा इतिहास कोणी सांगत नाही.

१८४६ मध्ये शोनबाइन या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाचा प्रयोग केला. धुऊन वाळवल्यावर कापूस दिसायला तसाच, पण काडी लावली की क्षणात गायब, धूर नाही, राख नाही. त्यालाच गन कॉटन म्हणतात. सरकीला जिनिंगनंतरही जी बारीक लव चिकटून राहते, जिचा धागा होत नाही, ती लिंटर या कामाला उत्तम. घाटंजीतल्या जिनिंगमधून सरकी तेलाच्या घाणीला जाते तेव्हा ती लव तिच्या अंगावरच असते.

आम्ल कमी मुरवलं की हाच कापूस स्फोटक न राहता नुसता ज्वालाग्राही होतो आणि द्रावणात विरघळतो. त्यात कापूर घातला की सेल्युलॉइड. अमेरिकेत हायट बंधूंनी ते १८७० च्या सुमारास बाजारात आणलं. हस्तिदंत महाग झालं तेव्हा वाद्यांवरच्या नक्षीत त्याने हस्तिदंताची जागा घेतली. गिटारचा पिक बराच काळ त्याचाच असे. टेबल टेनिसचा चेंडू २०१४ पर्यंत त्याचाच होता. आणि सिनेमाची फिल्मही. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) याच कापसावर उमटला. अशी फिल्म म्हातारी होते तशी स्वतःहून पेट घेऊ शकते. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि मराठी सिनेमाच्या स्मृतीचा एक तुकडा त्यात गेला. लाक्षागृहाची गोष्ट अशी कापसालाही लागू पडली.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत बिनधुराची दारू बनवणारे प्रचंड कारखाने रिकामे झाले. ड्यूपाँ कंपनीने त्याच रसायनातून १९२३ मध्ये 'ड्यूको' नावाचं लॅकर काढलं. आधी मोटारीला रंग वाळायला आठवडे लागत, आता काम तासांत व्हायला लागलं. गिटारवाल्यांनी हे पाहिलं. मार्टिन कंपनी शतकभर लाखेचं पॉलिश करत होती, १९२० च्या दशकाच्या अखेरीस ती लॅकरकडे वळली. दहा दिवस बोळा फिरवणाऱ्या कारागिराच्या जागी फवारणीची बंदूक आली. फेंडरने तर पन्नाशीच्या दशकात मोटारींचेच रंग उचलले. त्यांचा प्रसिद्ध फिएस्टा रेड हा फोर्डच्या गाडीचा रंग.

पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस पॉलिस्टर आलं, ते जाड, टणक आणि स्वस्त. नायट्रो मागे पडलं, आणि मागे पडलं तसं महाग झालं. आज त्याच्या भेगा, त्याचं पिवळं पडणं, हाताच्या घामाने उडालेले पोपडे, या सगळ्याला जादा पैसे मोजले जातात. नव्या गिटारीला मुद्दाम म्हातारी करून विकतात. पातळ थराने लाकूड 'श्वास घेतं' असंही म्हणतात. पोकळ, पातळ फळीच्या गिटारीत थराच्या जाडीने फरक पडतो हे मला पटतं. पण चार सेंटिमीटर जाड सागाच्या ठोकळ्यावर, ज्याचा आवाज चुंबकातून निघतो, त्यावर हे मानायला मी तयार नाही. नायट्रोचा खरा गुण मला वेगळाच वाटतो. लाखेसारखाच त्याचाही नवा थर जुन्यात विरघळतो, म्हणून ते दुरुस्त करता येतं. पॉलिस्टर दुरुस्त होत नाही, झाकलं जातं.

आमच्याकडे त्याची अडचण हवेची. पावसाळ्यात मारलं तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यात अडकतो आणि थर दुधासारखा पांढुरका होतो. मे महिन्यात ४४ अंशांत मारलं तर थेंब लाकडाला लागायच्या आधीच वाळतो आणि हाताला वाळूसारखा लागतो. आमच्यासाठी दिवाळी ते होळी हाच काळ, म्हणजे कापूस वेचणीचाच. तेव्हाच आम्ही चपड्यावर लॅकरचे दहा हात दिले, दिवसाला तीन, दर दोन-तीन हातांनंतर ४०० नंबरचा हलका पेपर. मग तीन आठवडे नुसतं टांगून ठेवलं. वरून वाळलेलं दिसतं, पण थिनर आतून हळूहळू निघत असतो, आणि थर हळूहळू बसत जातो. घाई केली तर आज आरशासारखं दिसणारं महिन्याने लाकडाच्या छिद्रांत धसतं. त्यानंतर साबणाच्या पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर: ८००, १०००, १५००, २०००. घासताना पाण्यात जो दुधाळ चिखल येतो तो कापूसच. कडांवर हात हलका ठेवायचा, तिथे थर सगळ्यात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालची लाख उघडी पडते.

काकांना गिटारीत रस नव्हता. त्यांनी बोट फिरवून बघितलं, "चांगली झाली" म्हणाले, आणि पलंगाच्या पायाकडे वळले. त्यांचं स्वतःचं गिऱ्हाईक आता मेलामाईन मागतं, नाहीतर प्लायवर सनमायका. चपडा ते फक्त जुन्या सागासाठी ठेवतात.

लाख महाराष्ट्रात अजून निघते ती मुख्यतः गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे, पळसावर आणि कुसुमावर. गोळ्यांवरचा गुळगुळीत लेप, चॉकलेटच्या दाण्यांवरची चकाकी, परदेशी सफरचंदावरचं मेण, यांत ती पोटात जाते. वेष्टनावर ९०४ हा आकडा असतो. घाटंजी तालुक्यात पळसाला कमी नाही. टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेने, कोलाम पोडांच्या आसपास, नाल्यांच्या काठी तो हवा तेवढा आहे. त्याची पानं पत्रावळीला जातात, फुलं रंगपंचमीला, आणि बांध रुंद करायचा झाला की सगळ्यात आधी तोच तोडतात. लाखेचं पीक घ्यायचं तर आधी फांद्या छाटाव्या लागतात, कारण किडा कोवळ्या डहाळीवरच बसतो. मग जिवंत किडे असलेल्या लाखेच्या कांड्या त्या फुटव्यांना बांधायच्या. वैशाखी पिकाला कांड्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बांधतात आणि उन्हाळा काढून जून-जुलैत पीक उतरवतात. आमचा उन्हाळा त्या किड्याला कितपत सोसेल हाच प्रश्न आहे, कारण कडक उन्हात त्यातले बरेच मरतात. पारव्याकडच्या एका शेतकरी मित्राने बांधावरचे चार पळस यंदा न तोडता छाटून ठेवलेत. सावलीकडचे दोन आधी बघू, म्हणाला.